एक गुंठा, बीच टच

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर मांडव्याच्या रो-रोसाठी गाड्यांची रांग लागते. पोरांना वाळूत लोळवायला निघालेली कुटुंबे त्या रांगेत असतातच, पण गेल्या काही वर्षांत आणखी एक मंडळी दिसू लागली आहे. पुढे मुलगा-सून, मागे आई-वडील, मांडीवर डबा, आणि मोबाईलवर एजंटाने पाठवलेले लोकेशन. ही मंडळी प्लॉट बघायला निघालेली असतात. लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथली. जाहिरातीतले शब्द त्यांना पाठ झालेले असतात: ‘बीच टच’, ‘रोड टच’, ‘क्लिअर टायटल’, ‘कलेक्टर एनए’, ‘मुंबईपासून फक्त एक तास’. हा एक तास बोटीचा. बोटीच्या आधीचा आणि नंतरचा वेळ एजंटाच्या घड्याळात नसतो.

त्यांना हसायचे कारण नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तिथल्या जवळजवळ सात खोल्या एका गुंठ्यात मावतात, आणि वर आकाश फुकट. ज्याचा जन्म पोटमाळ्याखाली गेला, सकाळी संडासाच्या रांगेत ज्याने पेपर वाचून संपवला, त्याला नारळाच्या दोन झाडांमध्ये बांधलेला झोपाळा दिसला की हिशेब सुचत नाही. साठी जवळ आलेली असते, हातात भविष्य निर्वाह निधीची रक्कम असते, आणि मुंबईत त्या रकमेत पार्किंगची जागाही येत नाही. मग नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, कर्दे, गुहागर अशी नावे घरात घोळू लागतात.

गंमत अशी, की परवडणारे समुद्रकाठचे गाव ही या माणसासाठी नवी गोष्ट नाही. तो अशाच गावात वाढला. त्या गावाचे नाव गिरगाव.

ठाकूरद्वारहून चौपाटी चालत दहा-पंधरा मिनिटांवर. संध्याकाळी भेळ, रविवारी पोहायला शिकणारी मुले, अनंत चतुर्दशीला अख्खे शहर दारात. दादरकरांना शिवाजी पार्कामागे समुद्र होता, आणि शिवडीच्या चाळींतल्या मुलांना चिखलाचा का होईना, पण किनारा होता. हे सारे कारकुनाच्या, कंपोझिटरच्या, गिरणीतल्या जॉबरच्या पगारात बसत होते, कारण १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठवली. पागडी देऊन एकदा खोली मिळाली, की पुढच्या दोन पिढ्या महिन्याला चहा-बिस्किटांच्या खर्चात समुद्राजवळ राहत. अर्थात त्या स्वस्ताईचे बिल पुढे आलेच. घरमालकाने डागडुजी सोडली, जिने टेकूंवर आले, आणि १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. तेव्हा मोजलेल्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या अनेक पडल्या, अनेकांचे टॉवर झाले. टॉवरमध्ये जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात, लिफ्ट मिळते, आणि दरमहा मेन्टेनन्सचे बिलही मिळते. जुने भाडे शंभरात असायचे, मेन्टेनन्स हजारांत असतो. ज्यांना ते झेपत नाही ते जागा विकून उपनगर गाठतात. हातात उरलेल्या पैशांत ‘समुद्राजवळ एखादी छोटी जागा’ बघू, हा विचार इथून सुरू होतो.

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की या विचाराला वेगळाच रंग चढतो. या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरला, सिंधुदुर्गातही घट झाली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. चाकरमान्याची दोन्ही समुद्रकाठची घरे, एक नोकरीचे आणि एक गावचे, एकाच दशकात रिकामी होत होती आणि तो डोंबिवली-बदलापूरला, जिथे भरती-ओहोटी वर्तमानपत्रातही कोणी वाचत नाही, तिथे जाऊन राहत होता. गिरणी कामगारांच्या घरांचेही तेच. १९८२च्या संपानंतर ज्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, तिथल्या कामगारांच्या वारसांना आता शेलू आणि वांगणीची घरे दाखवली जातात. लालबागहून वांगणीला जायचे, तर गावालाच का जाऊ नये, असा प्रश्न त्यांच्या मोर्च्यांत कोणी विचारला तर सरकारकडे उत्तर नसेल.

पण खुद्द त्या वारसाकडे तरी ते कुठे असते?

अलिबागला प्लॉट बघायला निघालेल्या अनेकांचे गावात घर असते. खेड, चिपळूण, राजापूर, देवगड, मालवण. चिऱ्याचे घर, पुढे पडवी, मागे परसू, माजघराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे. गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात दहा दिवस उघडणारे हे घर कोणाचे, हे विचारले की उत्तर येते, ‘आमचे’. सातबारा काढला की कळते, हे ‘आमचे’ किती लांबरुंद आहे. आजोबांचे नाव अजून तसेच. त्यांच्यानंतर पाच काका, तीन आत्या. वडिलांची वारस नोंद करायची राहिली ती राहिलीच. चौदा नावे, त्यातली चार माणसे हयात नाहीत, एक दुबईला, एक कोणाशी बोलत नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली, तरी पुष्कळ घरांत आत्यांना त्याबद्दल कोणी विचारलेले नसते. अशा घरावर नवे कौल घालायलाही सगळ्यांचा होकार लागतो. म्हणून चाकरमानी स्वतःच्या घराला कुलूप ठेवून परक्या गावात गुंठा विकत घ्यायला जातो. त्याच्या दृष्टीने ते सोपे असते: पैसे दिले, सही केली, नाव लागले.

नाव लागतेच असे नाही, ही पुढची गोष्ट.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आडवे येते. मुंबईकराला हे कलम म्हणजे सरकारी कटकट वाटते, पण त्यामागे अलिबाग तालुक्याचाच घाम आहे. चरी गावातल्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालवला. इतका लांबलेला शेतकऱ्यांचा संप देशात क्वचितच झाला असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. पुढे १९४८चा कूळकायदा आला, खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. ती जमीन पुन्हा न कसणाऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून ते कलम. त्याच तालुक्यात आज गुंठ्यांचे बोर्ड लागले आहेत, हे कोणाला विकास वाटेल, कोणाला खोतीकडचा उलटा प्रवास. दोन्ही बाजूंना थोडेफार तथ्य आहे. मात्र विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणारे लोक बहुधा स्वतः भातशेती करून मुलांच्या फिया भरत नसतात.

कायद्यातून वाट काढण्याचे प्रकार ठरलेले आहेत. एक म्हणजे रीतसर बिनशेती, म्हणजे एनए, केलेला, रेखांकन मंजूर झालेला प्लॉट. तो महाग असतो आणि असायलाच हवा. दुसरा म्हणजे मोठ्या सातबाऱ्यातला ‘हिस्सा’. कागदावर दहा-बारा अनोळखी लोक सामाईक खातेदार, जागेवर चुन्याच्या रेघा. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. सरकारने अलीकडे शहरी आणि आराखड्यातल्या भागांपुरता तो सैल केला, पण त्याचा अर्थ दापोलीच्या कड्यावरचा प्रत्येक गुंठा पवित्र झाला असा नाही. ‘एनए होणार आहे’ आणि ‘एनए आहे’ यांत भविष्यकाळ आणि वर्तमानकाळ एवढाच फरक दिसतो, पण त्या फरकात लोकांची निवृत्तीची रक्कम बुडते. तीस वर्षांचा शोध अहवाल, मोजणीचा नकाशा, फेरफार, इतर हक्काचा रकाना आणि रस्ता वहिवाटीचा आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीचा, एवढे पाहिल्याशिवाय टोकन देणारा माणूस लालबागच्या बाजारात कांदे मात्र निवडून घेत असतो.

यात एक चमत्कारिक वळण आहे. गावच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो कायद्याने शेतकरी, आणि तो राज्यात कुठेही शेतजमीन घेऊ शकतो. म्हणजे वडिलांची वारस नोंद आळसाने टाळणारा चाकरमानी नव्या जमिनीसाठीचा परवानाच पेटीत कुजवत असतो.

आता ‘बीच टच’. हा शब्द उच्चारणाऱ्या एजंटाला भरतीरेषा कुठली, हे विचारावे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची, नंतर २०११ आणि २०१९च्या. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सर्वसाधारणपणे ना-विकास क्षेत्र असतो. दाट वस्तीच्या, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक असलेल्या गावांत २०१९च्या नियमाने तो ५० मीटरवर आणता येतो, पण त्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर असावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळ्यांच्या घरांना काही सवलती आहेत. शनिवार-रविवारसाठी येणाऱ्याला नाहीत. थोडक्यात, खरोखर बीच टच असलेली मोकळी जमीन बांधण्यायोग्य असण्याची शक्यता कमी, आणि बांधण्यायोग्य असेल तर ती बीच टच नसण्याची शक्यता जास्त. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडला गेला, तेव्हा साऱ्या देशाने टीव्हीवर हा नियम पाहिला. एवढ्या खर्चिक पद्धतीने कायदा क्वचितच कोणी समजावून सांगितला असेल.

जमीन झाली, घरही बांधले. पुढे त्यात राहायचे असते, आणि जाहिरात इथे गप्प होते.

खारा वारा काय करतो हे चौपाटीवरच्या गिरगावकराला ठाऊक हवे, पण बिल्डिंगची देखभाल कोणी दुसरा करत असला की विसर पडतो. सळया फुगतात, गिलावा सुटतो, कडी-कोयंडे गंजतात, एसीच्या बाहेरच्या पेटीला दोन-तीन वर्षांत भोके. कोकणातले जुने घर जांभ्या चिऱ्याचे आणि लाकडाचे का असायचे, आणि समुद्राच्या अगदी तोंडावर का नसायचे, ते तेव्हा समजते. गाव वाडीच्या आत, नारळी-पोफळीच्या आडोशाला. समुद्राकडे तोंड करून राहायची हौस शहरी आहे. किनाऱ्यावरच्या माणसाने घराची पाठ समुद्राला दिली आणि पोट त्याच्यावर भरले. पाण्याचीही तीच तऱ्हा. रहाटाने उपसा व्हायचा तेव्हा समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची विहीर गोडी राहायची. प्रत्येक बंगल्याने बोअर मारून तरणतलाव भरायला घेतला, की शेजारच्या वाडीचे पाणी मचूळ होते. सुपारीला ते सोसत नाही.

आणि वादळ. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा, मुरूड आणि दापोलीच्या नारळाच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, वीज कित्येक गावांत आठवडे आली नाही. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. नवी पोफळ हाताशी यायला पाच-सात वर्षे जातात. ज्याचे पोट वाडीवर होते तो तिथेच राहिला आणि रोपे लावत बसला. सुटीच्या घरवाल्यांनी फोनवरून पत्र्यांचे दर विचारले. यात कुणाला बोल लावायचा नाही, पण ‘समुद्राकाठी राहणे’ हे क्रियापद कोणाला लागू होते, ते त्या जूनमध्ये दिसले.

रस्त्याचे म्हणाल तर शिवडीला अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. २१.८ किलोमीटर, मोटारीला एका फेरीचे २५० रुपये. परळच्या माणसाला पनवेलची कोंडी टळली, वडखळची राहिली. खाली दक्षिणेला मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. ते सुरू झाले तेव्हा जन्मलेली मुले दहावीपर्यंत पोचली. कोकण रेल्वे आहे, दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी आहे, पण गणपतीचे आरक्षण कसे मिळते ते सगळे जाणतात. आणि गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याची मोठी बोट हवामान पाहून सुटते, तेच बरे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घरी निघालेल्या साध्या माणसांची ती बोट होती.

रुग्णालयाचा मुद्दा घरात कोणी पहिल्यांदा काढत नाही, शेवटी मात्र तोच निर्णायक ठरतो. परळकराला केईएम, टाटा, वाडिया उंबऱ्यावर. अलिबाग, ओरोस, रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, ही मोठी सोय आहे. तरी केळशीहून किंवा हर्णैहून रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या माणसाला कुठे न्यायचे, याचे उत्तर प्लॉट घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांनी विचारायला हवे. पंचावन्नाव्या वर्षी पाहिलेल्या झोपाळ्यात पंच्याहत्तराव्या वर्षी बसायचे असते.

इतके ऐकून कोणाला वाटेल की हा लेख चाकरमान्याला समुद्रापासून दूर ठेवायला निघाला आहे. उलट आहे. तो तिथे जावा, राहावा, ग्रामसभेला बसावा, पोरांच्या शाळेचा पट टिकवावा. आक्षेप आहे तो बंद दारांना. गावात दहा नवी घरे उठतात आणि दिवाळीनंतर एकाही पडवीत दिवा नसतो, तेव्हा जमिनीचा भाव चढतो आणि दुकानदाराचा गल्ला तेवढाच राहतो. गावच्याच तरुणाला घर बांधायला गुंठा परवडेनासा होतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हज गावाने २०१६ साली सार्वमत घेतले आणि ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांना विकावीत असा कौल दिला. वेल्समध्ये सुटीच्या घरांवर नगरपालिका जादा कर लावतात. आपल्याकडे वर्षभर कुलूप असलेला बंगला आणि राहते घर यांची घरपट्टी एकाच मापाने आकारली जाते. बंद घराला दुप्पट-तिप्पट घरपट्टी लावायचा अधिकार किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना द्यावा. ज्याने ते घर निवास-न्याहारीसाठी गावातल्या कुटुंबाला चालवायला दिले, त्याला सूट मिळावी. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून सावंतवाडी-दोडामार्ग-वेंगुर्ल्याकडे बाहेरच्या खरेदीदाराची नजर वळली आहे. तिथे हे आजच करता येईल, दहा वर्षांनी उशीर झालेला असेल. शेजारी गोव्यातली जुनी घरे कोणाच्या हाती गेली, ते सीमेपलीकडे डोकावले तरी दिसते.

आणि चाकरमान्याच्या स्वतःच्या कुलपाचे काय? त्यालाही उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळे खातेदार राजी असतील तर तहसीलदार शेतजमिनीची वाटणी करून देतो. मुद्रांक शंभर रुपयांचा. गावठाणातल्या घरासाठी ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या आहेत. अडचण एकच: चौदा खातेदार एका खोलीत आणायचे कसे. एक भायखळ्याला, दोन डोंबिवलीला, एक बडोद्याला, आत्या पुण्याला.

ते एका खोलीत येतात. दर वर्षी येतात. भाद्रपद चतुर्थीला, त्याच माजघरात, त्याच गणपतीसमोर. आरतीला रुसलेले काकाही उभे असतात. रेल्वे त्यांच्यासाठी जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस सोडते, टोल माफ होतो. महसूल खात्याने त्या पाच दिवसांत मंडळागणिक एक टेबल टाकले, तलाठी आणि दुय्यम निबंधकाचा माणूस बसवला, वारस नोंदी आणि वाटणीपत्रे तिथेच घेतली, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती कुलपे निघतील याचा अंदाज करून पाहावा. चतुर्थीला तहसील कचेरी मात्र बंद असते. ती उघडते तेव्हा अर्धे खातेदार गौरी-गणपती विसर्जन करून, हळसांद्यांची पिशवी आणि दोन नारळ घेऊन, दादरच्या गाडीत बसलेले असतात, आणि शेजारच्या काकूंच्या खुंटीवर किल्ली परत टांगलेली असते.